कोरियन बार्बेक्यू, हवं तितकं खा : गटारीला सासऱ्यांना न्यावं का?

हळदीचं_पोतं | सोम, १४ जुलै

मंडळी, घरगुती पेच आहे. सासरे सांगलीहून आलेत, मुक्काम तीन महिने. २५ तारखेला श्रावण लागतोय, म्हणजे शनिवार १९ जुलै हा शेवटचा सोयीचा दिवस. सासऱ्यांनी विमानतळावरच बजावलंय, "जावई, अमेरिका असली म्हणून गटारी चुकवायची नाही."

आम्ही सनीवेलला राहतो. शेजारी सांता क्लाराला एल कॅमिनो रियल रस्त्यावर कोरियन दुकानांची रांगच आहे. तिथल्या एका ठिकाणी माणशी ३४ डॉलरात हवं तितकं मांस, टेबलातच शेगडी, आपण भाजायचं आणि आपण खायचं. मुलीचा हट्ट आहे. वय १४, कोरियन मालिका बघून मला हल्ली 'आप्पा' म्हणते. कोरियनमध्ये म्हणे त्याचा अर्थ बाबा. आमच्या घरात आप्पा म्हणजे माझे आजोबा, त्यामुळे प्रत्येक हाकेला दचकतो.

अडचणी अशा. सात माणसं, कर आणि टिप धरून ३००च्या घरात जाणार. वेळ ९० मिनिटं. ताटात उरलं तर जादा पैसे. सासरे मटण, कोंबडी, मासे सगळं खातात, पण बीफ नाही. मेव्हणा लग्नानंतर शाकाहारी झालाय, आणि टेबलावरच्या प्रत्येकाला पूर्ण पैसे पडतात. पैसे वसूल होतील का? की घरीच मटण करू?

कोंबडीवडे | सोम, १४ जुलै

पहिला!
३०० डॉलरात आख्खा बोकड येईल हो. आणि हॉटेलात जाऊन आपणच भाजायचं? मग भांडीही आपणच घासायची का?

माजी_उपाशी | सोम, १४ जुलै

या विषयात माझी पीएचडी आहे, बसा.

आदल्या जेवणाला उपास करून जायचं, हा सल्ला साफ चुकीचा. तिसऱ्या ताटलीलाच माणूस गळतो. दुपारी हलकं खा.

बसल्याबसल्या दहाबारा वाट्या येतात, त्यांना बांचान म्हणतात. किमची (आंबवलेला तिखट कोबी), पालक, मोड आलेलं सोयाबीन, बटाटा, मुळा. फुकट असतात, मागाल तितक्या. हाच सापळा. वाफाळता भात दुसरा सापळा. मक्याचे दाणे आणि चीज घातलेली तवली तिसरा, आणि यात मी दर वेळी जाणूनबुजून पडतो.

मांसाला क्रम असतो. आधी बिनमसाल्याचं. ब्रिस्केटच्या (बीफ, छातीचा भाग) कागदासारख्या पातळ चकत्या असतात, जाळीवर टाकल्या की वीस-तीस सेकंदांत तयार. पहिली भूक त्यावर भागवायची, तोवर एका कडेला पोर्क बेलीचे (डुकराच्या पोटाच्या मांसाचे) जाड पट्टे निवांत होऊ द्यायचे. सोया सॉस-साखरेत मुरवलेलं, म्हणजे बुलगोगी आणि गल्बी, शेवटी. साखर जाळीला धरते, करपते आणि मग पुढचं सगळं कडू. जाळी काळी पडली की बदलून मागा. लाजू नका, ते त्यांचं रोजचंच काम आहे.

टेबलावर ठेवलेली कात्री कापडाची नाही, मांसाचीच आहे. हे सांगतोय कारण आमच्या काकूंनी ती बाजूला ठेवून सुरी मागितली होती.

गणिती_गोगलगाय | मंगळ, १५ जुलै

'वसूल' या शब्दानेच घात होतो. ३४ डॉलर दारातून आत शिरताना गेले, ते परत येत नाहीत. त्यानंतरचा प्रत्येक घास फक्त 'मला अजून हवाय का' या एकाच प्रश्नावर खायला हवा. आपण मात्र आठव्या ताटलीला घाम पुसत म्हणतो, "अजून चार डॉलर राहिलेत."

मालकाचंही गणित बघा. आचारी तुम्ही आहात. आतल्या माणसांनी फक्त गोठलेलं मांस यंत्रावर कापायचं, ताटलीत रचायचं. भाजायला लागणारा वेळ हाच तुमच्या वेगाला लगाम. वर ९० मिनिटांची घंटा आणि उरलं तर दंड. या सगळ्यातून वसूल करून दाखवणारा एखादाच निघतो, आणि त्याच्या खादाडीचे पैसे पोतेसाहेबांच्या मेव्हण्यासारखे सज्जन लोक भरतात.

माजी_उपाशी | मंगळ, १५ जुलै

@गोगलगाय, तुमच्याबरोबर कधी जेवायला जाऊ नये अशी नोंद करून ठेवली आहे. हलकेच घ्या.

कोल्हापुरी_ठसका | मंगळ, १५ जुलै

आमच्याकडं बघा की. तांबडा-पांढरा पायजे तेवढा, वाट्यावर वाट्या. मटण मात्र मोजून. कुणी "मटण आणा अजून" म्हणलं की वाढपी बिलाच्या वहीकडं बघतोय. जगात हेच बरोबर हाय. रस्सा अमर्याद, मटण मर्यादेत. मांस अमर्याद ठेवलं की त्याची किंमत जाते राव.

सेऊलची_सखू | मंगळ, १५ जुलै

ठसकाभाऊ, तुम्ही न बघता खुद्द कोरियाची पद्धत सांगितलीत! नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं सुवोनला आहे (सेऊलच्या दक्षिणेला, आणि गल्बीसाठी हेच गाव प्रसिद्ध), म्हणून थोडं लिहिते.

इथे नेहमीच्या मांसाच्या हॉटेलात अमर्याद असतात त्या बांचानच्या वाट्या. मांस 'इनबुन'वर, म्हणजे माणशी हिश्शावर मागवायचं. एक इनबुन साधारण १५० ते २०० ग्रॅम. बऱ्याच ठिकाणी पहिल्या मागणीला कमीत कमी दोन इनबुन घ्यावेच लागतात, त्यामुळे एकट्या माणसाची फार पंचाईत. मी सुरुवातीला एकटी गेले होते, दोन माणसांचं घेऊन दोन माणसांचं खाल्लं आणि संध्याकाळी जेवले नाही.

हवं तितकं खा वाली दुकानंही आहेत, त्यांना 'मुहान रिपिल' म्हणतात. मुहान म्हणजे अमर्याद, रिपिल म्हणजे इंग्रजी रिफिल (त्यांच्याकडे इंग्रजी एफचा उच्चार नाही, म्हणून प). तिथे गर्दी कॉलेजच्या पोरांची. सासऱ्यांना न्यायची जागा कुणी मानत नाही.

सगळ्यात लाडकं मांस सामग्योपसाल. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे थर, साल म्हणजे मांस. पोर्क बेलीवरचे मांस-चरबीचे थर. तीनवर तीन म्हणून ३ मार्चला सामग्योपसालचा दिवस असतो, दुकानांत सवलती लागतात.

खायची पद्धत अशी. तळहातावर लेट्यूसचं पान, त्यावर पेरिलाचं पान, मग मांस, भाजलेली लसणाची चकती, मिरची, आणि स्सामजांग नावाची घट्ट चटणी. पुरचुंडी वळायची आणि एका घासात तोंडात. अर्धी चावून परत पानात ठेवायची नाही! विड्यासारखंच समजा.

आता तुमच्या कामाचं. इथे पैशापेक्षा चिमटा कुणाच्या हातात हे महत्त्वाचं. ऑफिसच्या जेवणात (त्याला होएशिक म्हणतात) बहुतेक वेळा सगळ्यात धाकट्याकडे चिमटा येतो. तो भाजतो, कापतो, मोठ्यांच्या पुढ्यात सरकवतो. वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे सुरू करत नाहीत. ओतताना दोन्ही हात लावायचे, मोठ्यांसमोर पिताना तोंड जरा बाजूला. तुमच्या सासऱ्यांना हे ऐकूनच कोरिया आवडेल.

आणि वाढणाऱ्या बाईंना हाक मारतात 'इमो'. इमो म्हणजे आईची बहीण.

कोंबडीवडे | मंगळ, १५ जुलै

म्हणजे खानावळीतल्या मावशी!! "मावशी, पोळी" च्या चालीवर "इमो, किमची". हसून हसून पुरेवाट.

खाष्ट_सासू | मंगळ, १५ जुलै

सखू, फार छान माहिती. पण सगळ्यात धाकट्याने भाजायचं आणि मोठ्यांनी खायचं, हे आमच्याकडे सूनबाईंच्या बाबतीत शतकानुशतकं चालू होतं. तेव्हा कुणी त्याला संस्कृती म्हणून तिकीट लावलं नाही.

सेऊलची_सखू | मंगळ, १५ जुलै

खाष्टताई, दंडवत. इथल्या तरुण मुली अगदी हेच म्हणतात. होएशिक टाळणारेही आता बरेच आहेत.

अर्धवट_आचारी | बुध, १६ जुलै

चिमट्याचं पटलं. हुरड्याला गेलोय तेव्हा आगटीशी बसलेला माणूस कणसं भाजतो, तळहातावर चोळून दाणे काढतो, पाखडतो आणि पुढच्याच्या ओंजळीत टाकतो. स्वतः सगळ्यात शेवटी खातो. पण अख्ख्या पार्टीत बोलणं त्याच्याभोवतीच चालतं.

अवांतर : मांस मऊ करायला कोरियन लोक नाशपातीसारखं फळ किंवा किवी किसून घालतात. आपली कच्ची पपई तेच काम करते. घरी अर्धा किलो बिनहाडाची कोंबडीची तंगडी घ्या, चार चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, सात-आठ पाकळ्या लसूण, थोडं आलं, तिळाचं तेल, मिरपूड, पाव किवी. किवी असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, मांसाचा लगदा होतो (झालाय). कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर थोडं थोडं टाका. तिखट हवं तर ब्याडगीची पूड, रंगही कोरियन येतो.

मावळतीचा_मावळा | बुध, १६ जुलै

मस्त. तव्याऐवजी हॉलमध्ये मधोमध कोळशाची शेगडी ठेवली तर? फ्लॅटमध्ये एसी आहे.

डॉक्टरांची_पाटी | बुध, १६ जुलै

नाही!!! बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झाल्याचं कळेपर्यंत उशीर होतो. हॉटेलात प्रत्येक जाळीवर धूर ओढणारं नळकांडं असतं ते उगीच नाही. घरी विजेचा तवा वापरा.

आलेच आहे तर आणखी एक. कच्चं उचलायचा चिमटा वेगळा, शिजलेलं उचलायचा वेगळा. पोर्कच्या तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटं विसावा, कोंबडीला ७४ अंश, हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे. पातळ चकत्या पटकन होतात, पण कोंबडीच्या बाबतीत पोरांची घाई चालवून घेऊ नका.

पळी_पंचपात्र | बुध, १६ जुलै

शाकाहारी मेव्हण्याविषयी कुणीच बोलेना, म्हणून आम्ही तोंड उघडतो. गेल्या वर्षी ऑफिसबरोबर गेलो होतो. ३२ डॉलर भरून भात, काकडी आणि किमची खाल्ली. नंतर कळलं की किमचीत माशाचा रस्सा आणि खारवलेली कोळंबी असते. प्रायश्चित्त अजून बाकी आहे.

सेऊलची_सखू | बुध, १६ जुलै

अगंबाई. पळीदादा, बहुतेक किमचीत असतेच. दोएनजांग (आंबवलेल्या सोयाबीनचा) रस्सा दिसायला शाकाहारी, पण पाणी बहुधा सुक्या माशांचं. मेव्हण्याने फोन करून विचारावं. चालण्यासारखं म्हणजे अळंबी, रताळ्याच्या आणि भोपळ्याच्या चकत्या, कांदा, तोफू. जाळीवर जाड अळंबी, तिळाचं तेल आणि मीठ, याला मीही मांस सोडून हात घालते. फक्त जाळी वेगळी मागा.

कोरियात आलात तर बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण जरूर घ्या. मांस-मासे तर नाहीतच, लसूण, कांद्याची पात असल्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य.

पळी_पंचपात्र | बुध, १६ जुलै

म्हणजे बारमाही चातुर्मास! तिकीट किती पडतं?

म्हापशाचो_म्हाळू | बुध, १६ जुलै

पोर्कचं नाव निघालं आणि गोव्याला कुणी विचारलं नाही? सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरं लागतं, व्हिनेगर मुरायला हवं. तुमचं हे जाळीवरचं मात्र तिथल्या तिथे खायला लागतं, दोन मिनिटं गप्पा मारल्या की चामडं. जेवताना गप्पा मारता येत नाहीत त्याला जेवण कसं म्हणायचं?

एक_सदाशिव | गुरु, १७ जुलै

पुण्यात टेबलात शेगडी ठेवून सळया आणून देणारी ठिकाणं बरीच आहेत. बस म्हणायचं असेल तर टेबलावरचा छोटा झेंडा खाली करायचा. आमच्यात आधी माणूस आडवा होतो, झेंडा तसाच फडकत राहतो.

बाकी 'अमर्यादित थाळी एकात दोघांनी खाऊ नये' ही पाटी आम्ही लहानपणापासून वाचतोय. उरलं तर दंड ही कल्पना कोरियन नाही, आमची आहे. नोंद घ्यावी.

खरी कोरियन हॉटेलंही पुण्यात आहेत. रांजणगावला एलजी, तळेगावचा मोटारींचा कारखाना ह्युंदाईने घेतला. साहेब लोक येणार म्हटल्यावर किमची येणारच.

निखारा | गुरु, १७ जुलै

बीफ न खाणाऱ्यांनी अशा ठिकाणी जावंच कशाला? अर्ध्याहून अधिक यादी बीफची असते. २०१५ साली महाराष्ट्रात कायदा आला तेव्हापासून…

माजी_उपाशी | गुरु, १७ जुलै

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

संपादक | गुरु, १७ जुलै

बसू नका. त्या विषयावर ४१२ प्रतिसादांचा धागा आधीच आहे. तिकडे जा. यावरचे पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

तात्या_टोकियोकर | गुरु, १७ जुलै

बीफच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तर : सात माणसांना दोन शेगड्यांचं टेबल मागा. एका जाळीवर पोर्क-कोंबडी-कोळंबी, दुसरीवर बाकीचं. चिमटे अदलाबदल करू नका. आणि शेवटची मागणी कधीपर्यंत चालते ते आधीच विचारा. जपानात ९० मिनिटं म्हणजे बऱ्याचदा सत्तराव्या मिनिटालाच "शेवटचं काय हवं?" विचारून जातात.

कपडे जुने घालून जा. सासऱ्यांचा नवा कोट नको.

हळदीचं_पोतं | शुक्र, १८ जुलै

सगळ्यांचे आभार. दोन शेगड्यांचं टेबल फोनवर ठरवलं. मेव्हण्याला निम्मे पैसे पडतील म्हणाले, पण त्याने मांसाला हात लावायचा नाही, लक्ष ठेवणार. म्हटलं ठेवा, आम्हीही ठेवू. रविवारी वृत्तांत देतो.

हळदीचं_पोतं | रवि, २० जुलै

वृत्तांत.

सासरे इस्त्रीचा पांढरा सदरा घालूनच आले. तात्यांचा सल्ला सांगितला तर म्हणाले, "गटारीला जुने कपडे?"

इमो वगैरे काही नव्हत्या. वाढणारा मुलगा मेक्सिकोचा, इतका चपळ की तीन टेबलं एकटा सांभाळत होता. मुलीने घोकून ठेवलेलं कोरियन वाया गेलं, त्याच्याशी तिने शाळेतल्या स्पॅनिशमध्ये बोलून घेतलं.

पहिली पंधरा मिनिटं गोंधळ. वाट्यांनी टेबल भरलं. सासऱ्यांनी "ही कोशिंबीर, ही भाजी, हे लोणचं, आणि जेवण कुठाय?" असं विचारलं. मग कच्चं मांस आलं आणि ते गप्प झाले. चिमटा मी धरला होता. सखूताईंचं वाचून धाकट्याचं कर्तव्य करायला गेलो, आणि पोर्कचा पहिला पट्टा बाहेरून काळा, आतून गुलाबी.

सासरे दोन मिनिटं बघत राहिले. मग हात पुढे केला, "आणा इकडं."

पुढे तासभर चिमटा त्यांच्याकडेच. मला ठाऊक नव्हतं, पण मिरजेच्या मळ्यावर तरुणपणी हुरड्याची आगटी तेच सांभाळायचे. त्यांनी जाळीचा कुठला कोपरा जास्त तापतो ते वर हात धरून ओळखलं, चरबीचा तुकडा आधी फिरवून जाळी तुपकट केली, पट्टे एकदाच उलटले. कात्रीने कापून प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन. मला वाटतं जावयाच्या ताटात जरा कमी.

मुलीने पुरचुंडी वळून दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडाशी धरली. ते म्हणाले, "विडा आधी आणि जेवण नंतर?" पण खाल्ली. मग स्वतःच वळायला लागले. पेरिलाचं पान आवडलं नाही, "औषध लागतंय". स्सामजांग फार आवडली, डबा घेऊन आलोय. डुकराचं मांस आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. "खात नव्हतो असं नाही, कुणी दिलं नव्हतं."

सत्तराव्या मिनिटाला पोरगा शेवटची मागणी विचारायला आलाच. तात्या, तुम्हाला मार्क. तेव्हा सासऱ्यांच्या लक्षात आलं की त्यांनी स्वतः जेमतेम चार घास खाल्लेत. मग उरलेली वीस मिनिटं आम्ही सगळे भाजत होतो आणि ते एकटे जेवत होते. शेवटी किमची-भात त्याच जाळीऐवजी सपाट तव्यावर परतून दिला, तोही खाल्ला. दंड शून्य.

सदऱ्याचा वास अजून गेलेला नाही. बाल्कनीत वाळत घातलाय.

अर्धवट_आचारी | रवि, २० जुलै

आगटीवाल्याला शेवटी तरी मिळालं. झकास वृत्तांत.

गणिती_गोगलगाय | रवि, २० जुलै

छान. पण मूळ प्रश्न राहिला. पैसे वसूल झाले का?

हळदीचं_पोतं | रवि, २० जुलै

मोठ्यांचं माहीत नाही. मेव्हण्याने १७ डॉलरात मक्या-चीजच्या सहा तवल्या संपवल्या. सहावीला तो मेक्सिकन पोरगा स्वतः उभा राहून बघत होता.

कोंबडीवडे | रवि, २० जुलै

त्याच्यावर लक्ष ठेवणार म्हणाले होते ते हेच का?

पळी_पंचपात्र | रवि, २० जुलै

मेव्हणेबुवांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. ऑफिसचं पुढचं जेवण सप्टेंबरात आहे.